टिळकांची भाषणे आणि स्वराज्याची संकल्पना

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची १९१६ मधील बेळगाव व अहमदनगर येथील भाषणे अभ्यासताना त्यांतील एक भेद नीट लक्षात घ्या. सम्राटाची सत्ता वेगळी आणि तिच्या नावाने कारभार करणारी नोकरशाही वेगळी, असे ते मांडतात. देव तोच राहो, पुजारी मात्र बदलावा, हा त्यांचा दृष्टान्त सामान्य श्रोत्यालाही सहज उमगणारा होता. कारभारावरील टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हा या मांडणीचा गाभा. सरकारने त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

विचार करा : राज्य आणि सरकार यांतील हा भेद आजच्या नागरिकाला का आवश्यक वाटावा?