प्रतिजैविक-रोध
प्रतिजैविक-रोध : पूर्वी ज्या औषधाने सूक्ष्मजंतूंचा नाश होई, त्यालाच त्यांनी दाद न देणे. पिंपरीस १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले, त्याआधीच रुग्णालयांतील कित्येक पुंजगोलाणू पेनिसिलिनेज या एंझाइमाने ते निष्प्रभ करू लागले होते. रोधाची जनुके प्लाझ्मिडांवरून एका जातीतून दुसरीत जातात, ही बाब अधिक चिंताजनक होय. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये कार्बापेनेमांना न जुमानणारे २४ आंत्रजंतू मिळाले. त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ एंझाइमाचे जनुक होते. अशा वेळी कोलिस्टिनासारखी, मूत्रपिंडास अपायकारक औषधे वापरावी लागतात. उपचारापूर्वी रक्ताचे वा लघवीचे संवर्धन करावे हे खरे. परंतु निष्कर्षास दोन-तीन दिवस लागतात आणि अत्यवस्थ रुग्णाचा उपचार तोवर थांबविता येत नाही.