दुसरा बार

पहिला बार कोणतीही बंदूक काढते. आजोबांच्या काळातली गंजलेली ठासणीची बंदूकसुद्धा काढते. प्रश्न असतो दुसऱ्या बाराचा: तो किती लवकर निघतो, आणि मुळात निघतो का. शिकारी बंदुकीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला. यवतमाळ जिल्ह्यात बंदूक म्हटली की आधी रानडुक्कर आणि रोही आठवतात. इथे या प्रश्नाचे उत्तर बंदूक कंपन्यांच्या उत्तराहून वेगळे निघते.

केळापूर, राळेगाव, झरी जामणी, घाटंजी, उमरखेड या तालुक्यांत किती तरी ठिकाणी वावर आणि जंगल यांच्यामध्ये बांधच काय तो असतो. सोयाबीन शेंगेवर आले, तूर फुलली की जागल सुरू होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याला हे दुखणे ठाऊक होते. त्याच्या १३व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्याला पटले, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. थोडक्यात, शेतकऱ्याला एक बार पुरे, दुसरा हवा असेल तर त्याने साहेबांची खात्री पटवावी! त्यातून परवाना मिळाला तरी तो बंदुकीचा झाला, डुकराचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार जनावर मारायची परवानगी निराळी घ्यावी लागते. एक कागद महसूल-पोलिसांकडे, दुसरा वनखात्याकडे, आणि तूर तोवर थांबत नाही.

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे भरमारीत, दारू, चिंधी आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासायचे. दुसऱ्या बारासाठी सगळा खटाटोप पहिल्यापासून, तोही अंधारात. पावसाळ्यात दारू ओल धरते, मग नुसतेच फुस्स होते. दुनळीने हा प्रश्न अगदी सरळ सोडवला. दोन नळ्या, दोन काडतुसे. उजव्या नळीचे फुसके निघाले तरी डावीला त्याचे काही देणेघेणे नसते. दुसरा बार पहिल्यावर अवलंबून नाही, यातच दुनळीचे मोठेपण आहे.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नेमके उलटे. तिथे दुसरा बार पहिल्याच्या जोरावर जगतो. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंगने १९०० मध्ये अशा छर्ऱ्याच्या बंदुकीचे पेटंट मिळवले आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ती बाजारात आणली. तिचे नाव ऑटो-५. बार उडाला की नळी आणि खटका (बोल्ट) दोन्ही धक्क्याने मागे सरकतात, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, स्प्रिंग सगळे पुढे ढकलते आणि जाता जाता नवे काडतूस कोठ्यात बसते. पुढे वायूवर चालणाऱ्या बंदुका आल्या. १९६३ ची रेमिंग्टन ११०० ही त्यांतली सर्वांत गाजलेली. नळीला एक बारीक भोक असते. जळालेल्या दारूचा थोडा वायू त्यातून निघून दट्ट्याला ढकलतो, सायकलचा पंप उलटा चालावा तसा. तिसरी तऱ्हा इटलीच्या बेनेलीची: बंदूक मागे येते, जड खटका क्षणभर जागीच राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच मग खटक्याला मागे फेकते.

या तिन्ही तऱ्हांना एकच गोष्ट लागते, पुरेसा जोर. तो कमी पडला की खटका अर्ध्या वाटेतून परततो. रिकामे काडतूस खिडकीत उभे अडकते, किंवा ते बाहेर पडते पण नवे काडतूस वर येत नाही. लोक लगेच बंदुकीला शिव्या देतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा गुन्हेगार काडतूस असते. नेमबाजीच्या ट्रॅप आणि स्कीट या खेळांत २४ ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी काडतुसे वापरतात. जड काडतुसांसाठी बेतलेल्या बंदुकीला ती घातली की ती अडणारच. ऑटो-५ मध्ये तर घर्षणाच्या कड्या हलक्या-जड काडतुसांप्रमाणे बदलून लावाव्या लागतात. हलक्यासाठी लावलेल्या कड्यांवर जड काडतुसे उडवली तर बंदूक अडत नाही, पण आतून ठोके खाऊन लाकूड तडकते. हे जास्त वाईट, कारण ते लगेच कळत नाही.

आपल्याकडचे बारा बोअरचे नेहमीचे काडतूस म्हणजे पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचे ‘शक्तिमान’. काडतुसाचे दुखणे कारखान्यापेक्षा साठवणीत जास्त असते. जुनी कागदी नळीची काडतुसे ओलीने फुगतात आणि कोठ्यात जातच नाहीत. प्लास्टिकची फुगत नाहीत, पण त्यांचे पितळी बूड गंजते आणि काडतूस बाहेर ओढणाऱ्या पंज्याला पकड मिळत नाही. कापसाच्या गंजीशेजारी, कीटकनाशकाच्या डब्याजवळ चार पावसाळे काढलेल्या काडतुसाकडून कोणत्याही यंत्राने कसली अपेक्षा करावी?

काडतूस ठीक असेल तर पुढचा संशय काजळीवर. वायूचे भोक बुजते, दट्ट्याभोवती डांबरासारखा थर बसतो. आपल्याकडे त्यात तेलाची भर पडते. वर्षभर कपाटात ठेवायची म्हणून लोक बंदुकीला सढळ हाताने तेल पाजतात, त्यात धूळ मिसळते आणि चिकटा होतो. यंत्राला पुसल्यासारखे तेल पुरते. तरीही अडली तर दट्ट्याची रबरी कडी, मग पंजा, मग दमलेली स्प्रिंग, या क्रमाने पाहावे. आणि कधी कधी दोष धरणाऱ्याचा असतो. बेनेलीच्या तऱ्हेच्या बंदुकीला मागे यायला मोकळीक लागते. दस्ता मचाणाच्या खांबाला टेकवून उडवली, तर फेरा पुरा होत नाही.

हे सगळे पाहण्याआधी नळी मोकळ्या दिशेला धरायची आणि बार फुसका गेला असेल तर निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण उशिरा पेटणारे काडतूस असते. मग पूर्ण रिकामी करून नळीतून उजेड दिसतो का ते बघायचे. कमजोर बाराने छर्ऱ्यांमागची टिकली नळीतच अडकली आणि मागून दुसरा बार काढला, तर नळी फाटते. साफसफाई मालकाने करावी. दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिरानेच, तसा कायदाच आहे. गावच्या वेल्डरकडे नेण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

एकाच बाराची जिल्ह्यातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र छर्ऱ्याच्या बंदुकीची नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी टी-१ वाघिणीचे नाव जोडले गेले. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न, ते न जमल्यास गोळी, असा तो आदेश. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. बेशुद्धीच्या औषधाची सुई मारणारी डार्टची बंदूक गॅसच्या दाबावर चालते. अंतर पाहून दाब लावायचा. कमी पडला तर सुई रुजत नाही, जास्त झाला तर जनावराला इजा होते. ती पुन्हा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वाघ समोर थांबत नाही. व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीत निघालेले दोष मात्र बंदुकीचे नव्हते. डार्टमधले औषध चोवीस तासांत वापरायचे, ते ५६ तासांपूर्वी तयार केलेले होते. गाडीत पशुवैद्यक नव्हता. डार्ट बंदुकीतून सुटला होता का, यावरच शंका घेतली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात तिची मादी बछडी मात्र त्याच जंगलात जिवंत पकडली गेली.

वावरात परत येऊ. डुकरे कळपाने येतात, पण पहिल्या आवाजाला कळप फुटतो आणि तुरीत काळोखाशिवाय काही उरत नाही. तिथे पाच काडतुसांच्या बंदुकीने झाडलेले पुढचे चार बार अंदाजाने जातात, आणि शेजारच्या वावरात दुसरा कुणी जागलीला बसलेला असतो. त्यात निवडणूक आली की पोलिसांच्या नोटिशीनुसार बंदूक ठाण्यात जमा होते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या. ठाण्याच्या कोठडीत राहून आलेले वायूचे यंत्र पहिल्या रात्री सुरळीत चालेल असे मी तरी धरून चालणार नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, त्यामुळे निवड नीट करावी लागते. जागलीसाठी मी दुनळी सांगेन. फक्त जुनी विलायती असेल तर तिचा कोठा ६५ मिलिमीटरचा की ७० चा हे कारागिराकडून मोजून घ्यावे. ६५ च्या कोठ्यात ७० चे काडतूस सहज बसते, पण उडताना त्याच्या तोंडाला उघडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो.