सरकारी वकील कोणाचा?

बेगम बाजारातून फेरफटका मारताना दुकानादुकानांत काटा दिसतो. बदाम-खारीक असो, हळद-मिरची असो, की पितळेची भांडी असोत; माल वजनावर विकला जातो, आणि त्या काट्यावर व वजनांवर सरकारी वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो. हा शिक्का दुकानदाराने स्वतः मारावयाचा नसतो. सारे दुकानदार लबाड असतात म्हणून नव्हे. ज्याचा माल, त्याच्याच हाती मापाची खात्री सोपविली तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, म्हणून. बाजारातला हा साधा नियम न्यायमंदिरात पाळणे किती अवघड असते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पुष्कळांचा असा समज असतो की, ज्याचे घर फुटले तोच चोरावर खटला चालवितो. फौजदारी कायद्यात सामान्यतः तसे नाही. गंभीर गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्धचा मानतात. म्हणून खटला चालविते ते सरकार, आणि त्याची बाजू मांडतो तो सरकारी वकील. पोलीस तपास करतात, पुरावा गोळा करतात व आरोपपत्र दाखल करतात; सरकारी वकील तो पुरावा न्यायाधीशांपुढे मांडतो. मात्र आरोपीला कसेही करून शिक्षा देवविणे हे त्याचे काम नव्हे. सत्य न्यायालयापुढे यावे, मग ते कोणाच्याही सोयीचे वा गैरसोयीचे असो, हे त्याचे कर्तव्य होय.

आता अशी कल्पना करा की, आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस अधिकारीच उभा आहे. सरकारी वकिलाचा पोलिसांशी रोजचा संबंध. त्यांनीच आणलेल्या पुराव्यावर त्याचे इतर सारे खटले उभे असतात. शिवाय त्याची नेमणूक करणारे सरकार आणि ज्याच्या सेवेत तो पोलीस आहे ते सरकार, दोन्ही एकच. वकील कितीही प्रामाणिक असला तरी त्याची कर्तव्यबुद्धी एकीकडे व संबंधांची ओढ दुसरीकडे, अशी त्याची अवस्था होते. यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.

हा धोका आपल्या कायदेपंडितांनी फार पूर्वी ओळखला होता. इंग्रजी अमदानीपासून खालच्या न्यायालयांत पोलीस अधिकारीच खटले चालवीत. १९५८ साली विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात खटले चालविणारी यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करावी, अशी शिफारस केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद झाली. तरीही महाराष्ट्रात नाव तेवढे बदलले; सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिले. अखेर या वकिलांनीच सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि १९९५ साली 'शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात, त्यांचा स्वतंत्र विभाग स्थापून त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून मुक्त करावे, असा आदेश झाला. २००५ च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाची तरतूद कायद्यात आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

पोलीस आणि वकील यांच्यामध्ये अशी भिंत उभी राहिली. परंतु वकील आणि सरकार यांच्यामध्ये काय? या प्रश्नाचे उदाहरण परभणीचे आहे. १९५६ पर्यंत परभणी आपल्याच हैदराबाद राज्यात होती. तेथील ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून २००२ च्या डिसेंबरात पकडला गेला, आणि २००३ च्या जानेवारीत पोलीस कोठडीतूनच नाहीसा झाला. गाडी उलटली आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. त्याची आई आसिया बेगम यांनी ते मानले नाही. त्या उच्च न्यायालयात लढल्या. गुन्हे अन्वेषण विभागाने १४ पोलिसांवर खटला भरण्यास परवानगी मागितली; सरकारने ती चौघांपुरतीच दिली. २०१८ साली सुनावणीत एका साक्षीदाराने कोठडीतील मारहाणीची साक्ष देऊन आणखी पोलिसांची नावे घेतली. त्यावरून विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी आणखी चौघांना आरोपी करावे असा अर्ज दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने त्यांना या खटल्यावरून दूर केले, आणि खटला रेंगाळला. २०२३ साली या घटनेला वीस वर्षे झाली, तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरविणे आमचे काम नाही. परंतु पोलिसांविरुद्ध पाऊल उचलल्यावर वकील बदलला गेला, तर आईच्या मनात कोणती शंका येईल, हे सांगावयास नको.

आपल्या हैदराबादजवळही हाच प्रश्न उभा राहिला. ६ डिसेंबर २०१९ रोजी चटणपल्ली येथे पोलिसांच्या गोळीबारात एका निर्घृण गुन्ह्यातील चार आरोपी मारले गेले. पुष्कळांनी फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. हे मराठी भाषक न्यायाधीश पूर्वी नागपूरला वकिली करीत. २०२२ साली खुल्या झालेल्या अहवालात आयोगाने दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असे मत दिले. पुढील विचारासाठी हे प्रकरण उच्च न्यायालयाकडे आले. मुसीपलीकडची ती लाल दगडांची इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. आयोगाला शिफारस करता येते, शिक्षा देता येत नाही. खटला चालवावयाचा तर पुन्हा सरकारी वकीलच लागतो.

मग उपाय कोणता? न्यूयॉर्क राज्यात २०१५ साली गव्हर्नरांच्या आदेशाने, पोलिसांच्या हातून निःशस्त्र नागरिक मारला गेल्यास ते प्रकरण स्थानिक वकिलाकडून काढून राज्याच्या महाधिवक्त्याकडे सोपविण्यात आले. आपल्याकडे २००९ पासून पीडिताला न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या साह्यास आपला वकील देता येतो, आणि आरोपी सुटल्यास स्वतः अपीलही करता येते. अशा खटल्यांत वकिलाची नेमणूक व बदली न्यायालयाच्या संमतीवाचून होऊ नये, असे आम्हांस वाटते.

यात पोलिसांचा अवमान नाही. ऊनपावसात उभा राहून आपले रक्षण करणारा पोलीस आम्ही रोज पाहतो. खोटा आरोप आलेल्या अशा पोलिसाची सुटका निःपक्षपाती वकिलासमोर झाली, तर लोक ती मनापासून मानतील. एरवी निर्दोष ठरूनही त्याच्यावरचा संशय फिटणार नाही. काट्यावरच्या शिक्क्याने गिऱ्हाइकाचे रक्षण होते, तसेच प्रामाणिक दुकानदाराचेही होते. विद्यार्थिमित्रांनो, पुढील खेपेस बेगम बाजारात गेलात, तर तो शिक्का जरूर पाहा.