नर माशाच्या यकृतांतील साक्ष

टेंभी नाक्यावरील एखाद्या घराच्या मोरींतून गेलेलें पाणी गटारांतून फिरत फिरत अखेर ठाण्याच्या खाडीस मिळतें. वाटेंत त्याचें शुद्धीकरण झालें, मळ आणि दुर्गंध नाहींसा झाला, तरी तेवढ्यानें तें निर्दोष झालें असें म्हणतां येत नाहीं. मूत्रावाटें बाहेर पडणारीं स्त्री-संप्रेरकें, संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम इथिनिलइस्ट्रॅडिऑल, कांहीं धुलाईद्रव्यांपासून उरणारें नॉनिलफिनॉल, हीं सांडपाण्यांत अत्यल्प प्रमाणांत मागें राहूं शकतात. त्यांना ना रंग, ना वास. पाण्यांतील प्राणवायु मोजणाऱ्या नेहमींच्या परीक्षेंत तीं सांपडत नाहींत. त्यांची साक्ष मिळते ती माशाच्या यकृतांत.

अंड्यांतील बलकासाठीं मादीचें यकृत व्हायटेलोजेनिन नांवाचें प्रथिन बनवितें. बीजकोशांतून निघालेलें इस्ट्रोजेन यकृताच्या पेशींत शिरतें, तेथील ग्राहक-प्रथिनाशीं जोडलें जातें, आणि ही जोडी एका विवक्षित जनुकास जागें करते. मग त्या जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाही आरएनए, तयार होते व तिच्याबरहुकूम प्रथिन घडतें. नवलाची गोष्ट ही कीं हें जनुक नरांतही असतें. मात्र त्यास जागें करण्याइतकें इस्ट्रोजेन नराच्या अंगांत नसल्यामुळें तें बहुधा निद्रिस्तच राहतें. नराला अंडीं घालावयाचीं नसतात. त्याच्या यकृतांत बलकाचा संदेश भरपूर आढळला, तर तो हुकूम बाहेरून, पाण्यांतून आला असें समजावें.

इंग्लंडांत सांडपाण्याच्या प्रवाहांत पिंजऱ्यांत ठेवलेल्या ट्राउट माशांच्या रक्तांत हें प्रथिन कांहीं आठवड्यांतच अतोनात वाढलें. तो वृत्तांत १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. आरंभीं संशय धुलाईद्रव्यांच्या अवशेषांवर होता. परंतु १९९८ मध्यें घरगुती सांडपाण्याच्या पृथक्करणांत मुख्य अपराधी निघाले ते मानवी शरीरांतील इस्ट्रोजेन आणि गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक. तेव्हां डोंबिवलीच्या कारखान्यांकडे बोट दाखवून ठाण्या-कल्याणच्या घरांना नामानिराळें राहतां येणार नाहीं.

एवढ्याशा द्रव्यानें काय होणार, ही शंका स्वाभाविक आहे. तिचें उत्तर कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत मिळालें. तेथें प्रयोगासाठीं राखलेल्या एका सरोवरांत २००१ ते २००३ या काळांत लिटरमागें ५ ते ६ नॅनोग्रॅम इथिनिलइस्ट्रॅडिऑल राखण्यांत आलें. म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यांत अवघे पांच-सहा ग्रॅम! नरांत बलकाचें प्रथिन हजारों पटींनीं वाढलें, आणि फॅटहेड मिनो हा चिमुकला मासा त्या सरोवरांतून जवळजवळ नाहींसा झाला. संप्रेरक घालणें थांबविल्यावर त्याची संख्या पुन्हां वाढली खरी, पण त्यास कांहीं वर्षें लागलीं.

प्रथिन न मोजतां संदेशच मोजण्यांत एक मोठी सोय आहे. प्रथिन रक्तांत कित्येक आठवडे रेंगाळतें. संदेश मात्र एक-दोन दिवसांत वाढतो आणि पाणी स्वच्छ झालें कीं लौकर ओसरतो. म्हणून तो मागील महिन्याची नव्हे, चालू दिवसांची हकीकत सांगतो. यकृताच्या लहानशा तुकड्यांतून आरएनए काढून त्याची डीएनए-नक्कल करतात, ती प्रयोगनळींत अनेक पटींनीं वाढवितात आणि मूळ संदेश किती होता तें ठरवितात. दोष कोणत्या द्रव्याचा, हें मात्र मासा सांगत नाहीं. तें काम रसायनज्ञाचें.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर या परीक्षेसाठीं बोईट माशाचाच एक भाऊबंद वापरला गेला आहे. खाऱ्या-गोड्या, मळकट पाण्यांतही तग धरणारी ही जात चेंदणी कोळीवाड्यास परकी नाहीं. मात्र ठाण्याच्या खाडींत पाणी दिवसांतून दोनदां चढतें आणि दोनदां उतरतें, पावसाळ्यांत तर तें अगदींच पालटतें; त्यामुळें एका दिवसाच्या माशांवरून निकाल देणें घाईचें होईल. तुलनेसाठीं स्वच्छ पाण्यांतील नरही हवेत. आणि बोईट नर कीं मादी हें बाहेरून ओळखतां येत नसल्यामुळें प्रत्येक मासा चिरून आधीं तेवढें ठरवावें लागतें.