वंध्यत्व आणि मानसिक आरोग्य : ‘ताण घेऊ नकोस’ म्हणणे हा आधार नव्हे

बंगळुरू : अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या स्त्रीला आप्तेष्टांकडून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ताण घेऊ नकोस, सगळे नीट होईल’. हेतू चांगला असला, तरी उपचार फसल्यास दोष तिच्याच मनाचा, असा अर्थ त्यातून निघतो. संशोधनाचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ महिलांची माहिती एकत्र तपासण्यात आली. उपचारांपूर्वीच्या भावनिक ताणामुळे त्या फेरीत गर्भधारणेची शक्यता घटते, असे त्यात आढळले नाही. म्हणजेच मानसिक आधार द्यायचा तो गर्भ राहावा म्हणून नव्हे, तर ते दुःख स्वतंत्रपणे उपचारयोग्य आहे म्हणून.

त्याची व्याप्ती मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. कर्नाटकातील मणिपाल येथे उपचार घेणाऱ्या ३०० महिलांच्या २०१६ मधील अभ्यासात ८० टक्के महिलांमध्ये वंध्यत्वाशी निगडित ताण आढळला.

या ताणाची कारणे केवळ वैद्यकीय नाहीत. दर महिन्याला आशा आणि निराशेचे चक्र, संप्रेरकांची इंजेक्शने व खर्च यांच्या जोडीला समाजाची वागणूक असते. ओटी भरण्याच्या किंवा बारशाच्या कार्यक्रमात काही घरांत अशा स्त्रीला आजही मागे ठेवले जाते. अनेक जोडप्यांत कारण पुरुषाशी संबंधित असूनही प्रश्न पत्नीलाच विचारले जातात.

म्हणूनच आधार देणारी माणसे किती, यापेक्षा आधार कसा, हे महत्त्वाचे ठरते. घर भरलेले असूनही रोज चौकशी, तुलना आणि व्रतवैकल्यांचे सल्ले मिळत असतील, तर एकटेपणा वाढतो. पतीने तपासणीला सोबत जाणे, नातेवाइकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तर देणे, उपचार किती काळ चालू ठेवायचे हे दोघांनी मिळून ठरवणे आणि सासू-नणंदांनी न विचारता नुसते ऐकून घेणे, हा खरा आधार होय.

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ नुसार यशाची शक्यता, धोके, खर्च आणि दत्तक घेण्याचा पर्याय यांबाबत जोडप्याला माहिती व समुपदेशन देणे क्लिनिकवर बंधनकारक आहे. मात्र नियमांनुसार मानसशास्त्राबरोबरच परिचर्या किंवा जीवशास्त्राचे पदवीधरही समुपदेशक होऊ शकतात. त्यामुळे समुपदेशकाची पात्रता विचारून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे. संमतिपत्रावर सही घेण्यापुरती भेट म्हणजे समुपदेशन नव्हे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप व भूक मंदावणे किंवा जगण्यात अर्थ न वाटणे अशी लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. आत्महत्येचे विचार येत असल्यास मात्र थांबू नये. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून बंगळुरूची ‘निमहान्स’ तिची प्रमुख मार्गदर्शक संस्था आहे. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.