माय बोलली तेच पर्सोनिफिकेशन

दहावीच्या मुलामुलींची इंग्रजीची वही उघडा. मागच्या पानांवर जड शब्दांची एक यादी हमखास सापडते: सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अलिटरेशन, हायपर्बली. लातूरच्या एका वस्तीत आम्ही अशीच एक वही पाहिली. वडील आडतीवर हमाल. मुलगी डोळे मिटून 'पर्सोनिफिकेशन' घोकत होती.

"आम्हाला काय कळतंय, भाऊ, त्या इंग्रजीतलं? तिचं तीच बघती," माय म्हणाली. मग बोलता बोलता सहज म्हणाली, "यंदा पावसानंबी पाठ फिरवली."

आम्ही मुलीला विचारले, "पोरी, पावसाला पाठ असते का गं?" ती हसली आणि एकदम थांबली. हेच तर पर्सोनिफिकेशन! निर्जीव वस्तूला माणसासारखे वागायला लावायचे. मराठीच्या तासाला यालाच चेतनगुणोक्ती म्हणतात.

पालकहो, वस्तू आपल्याच घरातली आहे, इंग्रजीत तिचे नाव तेवढे वेगळे. बाकीचे शब्दही असेच घरातल्या बोलण्यावर घासून पाहू.

बापाचे हात 'लोखंडासारखे' म्हटले की उपमा, म्हणजे सिमिली. इंग्रजीत तिथे 'लाइक' किंवा 'ॲज' येते. धम्मपदाच्या आरंभीच बैलाच्या पावलामागून येणाऱ्या चाकाची उपमा आहे, ती आठवावी. पण 'लाइक' दिसले की सिमिली लिहून मोकळे होऊ नये. 'आय लाइक मँगोज' यात आंबे आवडतात एवढेच सांगितले आहे. तुलना कशाशीच केलेली नाही. हात 'लोखंडच आहेत' म्हटले, मधला 'सारखे' गळाला, की रूपक, म्हणजे मेटाफर.

"हजारदा सांगितलं तुला!" असे आई रागावते. तिने कधी मोजलेले नसते. ही अतिशयोक्ती, हायपर्बली.

अलिटरेशन म्हणजे अनुप्रास. शब्दांच्या आरंभी एकच ध्वनी जवळजवळ पुन्हा येतो, जसे 'बिग ब्लॅक बुल'. इथे पुष्कळ मुले फसतात, कारण ती अक्षर पाहतात. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी अक्षराने सुरू होतात, तरी त्यांचा अनुप्रास होत नाही. 'किंग' आणि 'कॅट' यांची अक्षरे निराळी, पण 'क' हा ध्वनी एकच. म्हणून त्यांचा होतो. ऱ्हाइम म्हणजे यमक, तेही कानाचेच काम. ओळींच्या शेवटचे शब्द मोठ्याने म्हणावेत. पहिल्या ओळीला ए द्यावा. पुढच्या ओळीचा शेवट तसाच वाजला तर पुन्हा ए, निराळा वाजला तर बी. चार ओळींत पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी जुळली, तर ए-बी-ए-बी. यालाच ऱ्हाइम स्कीम म्हणतात.

हे सारे परीक्षेत उपयोगी पडते. 2018 साली आलेल्या दहावीच्या 'इंग्लिश कुमारभारती'त कवितेच्या रसग्रहणाला यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना यांचा विचार करावा लागतो. नांदेड असो की लातूर, दोन्ही जिल्हे लातूर विभागीय मंडळाखालीच येतात. प्रश्नाची तऱ्हा एकच. नुसते अलंकाराचे नाव लिहून थांबू नये. ओळ उतरवावी आणि तो अलंकार का झाला, हे एका वाक्यात सांगावे. कारण सांगता आले की पाठांतराचे ओझे उतरते.

आता आईवडिलांना एक विनंती. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून बाजूला सरू नका. रात्री जेवणे झाली की पोराला कविता मोठ्याने वाचायला लावा. ओळींचे शेवट जुळले की नाही, हे ज्या कानांनी जात्यावरची ओवी ऐकली त्यांना बरोबर कळते. आणि अर्थ मराठीतून सांगायला लावा. सांगताना पोरगं अडखळलं, तर त्याचे नेमके तिथेच कच्चे आहे असे समजा.

त्या मुलीने वहीत पर्सोनिफिकेशनपुढे पुस्तकातले उदाहरण खोडले आणि आपल्या मायचे वाक्य लिहिले. ते ती आता विसरणार नाही.