यादी गावाची, खातं सरकारचं

अल्लीपूरचा तालुका हिंगणघाट आणि आमदार देवळीचा. वर्धा जिल्ह्यात तालुके आठ आणि विधानसभेच्या जागा चार, त्यामुळे महसुली मंडळं इकडची तिकडे जोडून मतदारसंघ बसवलेले आहेत. हिंगणघाट तालुक्याची ही पश्चिमेकडची बाजू देवळीच्या वाट्याला आली. नकाशावर ती एक बारीक रेघ आहे. पण गावाच्या मागण्यांचा कागद सरकारकडे निघाला की त्या रेघेला ठेचकाळल्याशिवाय पुढे जात नाही. अंदाजपत्रक हिंगणघाटच्या पंचायत समितीतून, शिफारस देवळीच्या आमदाराची, मंजुरी वर्ध्याहून नाहीतर थेट मंत्रालयातून.

गावानं आपल्या गरजा ठरवायच्या आणि त्या कायदे करणाऱ्यांपुढे ठेवायच्या, हा खटाटोप या भागात पाऊणशे वर्षं तरी चालू आहे. तेवढ्या काळात यादी वाहून नेणारे हात बदलले आणि यादीही बदलली. हात बदलले त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. यादी बदलली तिकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, आणि मला तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

1956 पर्यंत वर्धा जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. आधी मध्य प्रांत-वऱ्हाड, मग जुना मध्य प्रदेश. 1948 साली या प्रांतानं द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकारानं जनपद सभा आणल्या. जुनी जिल्हा कौन्सिलं मोडली आणि तहसिलीला एक जनपद केलं. कल्पना धाडसी होती, पण पैशाअभावी लंगडली. तरी एक सोय होती. गाऱ्हाणं घेऊन आमदाराला गाठायचं तर सकाळच्या गाडीनं नागपूरला जाऊन रात्री घरी परतता येत होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि विधिमंडळ वर्धा स्टेशनापासून साडेसातशे किलोमीटरवर जाऊन बसलं.

हे होणार याची धास्ती आधीपासून होती. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात म्हणूनच कलम घालून घेतलं होतं की सरकारनं दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे भरवावं. 1960 पासून हिवाळी अधिवेशन सुरू झालं. त्याच्या बातम्यांत हुरडा, संत्री आणि मोर्चे असतात. विदर्भातल्या सरपंचाच्या लेखी त्याचा उपयोग निराळा आहे. त्या दिवसांत सगळं मंत्रालय एसटीच्या टप्प्यात येतं, फाइल कोणत्या टेबलावर अडकली आहे ते कळतं, आणि पुरवणी मागण्याही या अधिवेशनात मांडल्या जातात. करोनाच्या काळात 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच उरकली गेली, तेव्हा विदर्भाचा हा वर्षाचा एकमेव दरवाजा दोन वर्षं बंद राहिला.

मधल्या काळात सगळ्यात मोठी घडामोड झाली ती 1 मे 1962 ला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. नाईक समितीनं आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वाबाहेर ठेवलं. दुसऱ्या काही राज्यांत ते या संस्थांत बसत होते, महाराष्ट्रानं मात्र ठरवून वेगळी वाट धरली. आमदारानं कायदा बघावा, सरकारला जाब विचारावा. शाळेची खोली, विहीर, गावजोड रस्ता ही कामं जिल्हा परिषदेच्या सदस्यानं बघावीत, अशी ती विभागणी होती. गावची यादी मग सर्कलच्या सदस्याच्या खिशात जाऊ लागली. त्या काळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. सरपंच विरोधी गटाचा असला तर त्याच्या गावचा रस्ता कायम पुढल्या वर्षी, आणि दलित वस्तीचा नळ सगळ्यांत शेवटी, हे तेव्हाही होतंच. पण आमदाराकडे गटारीचं काम घेऊन जाणं तेव्हा थोडं विचित्र वाटत असे.

आज ते विचित्र वाटत नाही, कारण गटारीचे पैसे आमदारामार्फत येतात. डिसेंबर 1993 मध्ये केंद्रानं खासदार निधी सुरू केला. राज्यात आमदारांचा स्थानिक विकास निधी होता, तो वाढत गेला: 2020 च्या अर्थसंकल्पात दोन कोटींचे तीन झाले, 2021 मध्ये चार, 2022 मध्ये पाच. त्याच्या जोडीला ग्रामविकास विभागाचं ते प्रसिद्ध लेखाशीर्ष, 2515-1238. सरकारी कागदावर त्याचं वर्णन ‘लोकप्रतिनिधींनी सुचविलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे’ असं असतं. गावात त्याला ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. रस्त्यांसाठी 3054 आणि 5054, स्मशानभूमीच्या शेडसाठी जनसुविधा, मोठ्या ग्रामपंचायतींसाठी नागरी सुविधा, वस्तीसाठी दलित वस्ती सुधार. ज्या सरपंचाला हे आकडे पाठ, तो हुशार सरपंच.

इथेच यादीची गंमत झाली. आधी गरज आणि मग तिच्यासाठी पैसा शोधायचा, हा क्रम उलटा झाला. कोणत्या हेडखाली काय मिळतं ते आधी पाहायचं आणि त्यात बसेल ती गरज गावाची म्हणायची. यशोदा नदीच्या खोऱ्यातल्या गावाला पुराचं पाणी दर दोन-तीन वर्षांनी छळतं, जुलै 2022 मध्ये तर जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली होता. पण नदीपात्राचा प्रश्न एका हेडात मावत नाही, चार खात्यांत विभागला जातो. सभागृहाची भिंत किंवा दीडशे मीटर सिमेंट रस्ता मात्र मावतो. म्हणून निवेदनात नदी तळाशी जाते आणि रस्ता वर येतो.

त्या निवेदनाकडे जरा जवळून पाहू. टाइप करून देणाऱ्या दुकानात त्याचा साचा संगणकात तयारच असतो. वर ‘प्रति, मा. आमदार साहेब’, मग ‘विषय’, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर’, आणि खाली कामांचा तक्ता: अनुक्रमांक, कामाचे नाव, अंदाजे रक्कम. ‘अमुक यांचे घरापासून तमुक यांचे घरापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता’, अशी कामाची नावं. घरांच्या नावावरूनच जाणत्याला कळतं की यादी कोणत्या वॉर्डात बसून झाली. रकमा बहुतेक गोल असतात. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह. दुसऱ्या प्रतीवर आमदाराच्या पीएकडून पोच घ्यायची. पुढचा प्रवास म्हणजे लेटरहेडवर शिफारस, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. भूमिपूजनाचा नारळ यांतल्या कोणत्याही पायरीवर फुटू शकतो.

ठरावाचीही एक कथा आहे. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा, आणि गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मोठ्या गावात शंभर माणसं जमवणं अवघड नसावं. तरीही सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दुसऱ्या तारखेला वीस-पंचवीस माणसांत ‘ऐनवेळच्या विषयां’त यादी मंजूर होते आणि प्रोसिडिंग बुकात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं जातं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे. तिथे बायका पाणी, शौचालय, दारू आणि अंगणवाडीबद्दल बोलतात, आणि आमदाराकडे जाणाऱ्या तक्त्यात यातलं क्वचितच काही दिसतं.

2015 नंतर यात आणखी एक पेच पडला. चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतींकडे आले आणि राज्यानं ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून दरवर्षी आराखडा करायला लावला. कागदावर ही फार चांगली गोष्ट. शिवारफेरी, वस्तीसभा, प्राधान्यक्रम, सगळं त्यात आहे. पंधराव्या आयोगानं 2021 पासून साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला, म्हणजे आराखड्यातलं गावाचं ‘प्राधान्य’ निम्म्याहून जास्त दिल्लीत ठरलं. गावाकडे आता दोन याद्या असतात. एक पोर्टलवर चढवलेली, दुसरी पीएच्या पिशवीत. दोन्हींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही.

कायदे करणाऱ्यांकडे कायद्यापुरतंच मागायचं, असं विदर्भातल्या ग्रामपंचायतींनी एकदा करून दाखवलं आहे, तेही शेजारच्याच जिल्ह्यात. डिसेंबर 2010 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बायका कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामींबरोबर चिमूरहून पायी नागपूर अधिवेशनावर गेल्या. त्यांच्या हाती पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींचे ठराव होते आणि मागणी एकच होती, जिल्ह्यात दारूबंदी. सरकारनं समिती नेमली, वर्षं गेली, सरकार बदललं आणि 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागू झाली. 2021 मध्ये दुसऱ्या सरकारनं ती उठवली. बंदी बरी की वाईट, हा वाद इथे नको. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत आहे आणि तिथे काय मिळतं, काय नाही, हे वर्धेकरांना सांगायला नको. मुद्दा एवढाच की शेकडो गावांच्या ठरावात एकच ओळ होती आणि तिला कुठलंही लेखाशीर्ष नव्हतं. म्हणून ती सभागृहापर्यंत मागणीच्या रूपात पोचली, बिलाच्या नाही.

असं मागणं दुसरीकडे नेहमीचं आहे. अमेरिकेतल्या अनेक शहरांची कौन्सिलं राज्याच्या अधिवेशनाआधी मतदान करून एक छोटा दस्तऐवज मंजूर करतात. राज्यानं कोणता कायदा करावा आणि कोणता करू नये, कोणता अधिकार शहराकडून काढून घेऊ नये, असं सगळं त्यात असतं. मोठी शहरं त्यासाठी पगारी प्रतिनिधीही ठेवतात. पैशांची मागणी त्यात असतेच, पण विरोधाचा रकानाही असतो. आपल्या तक्त्यात तो रकाना कधीच नसतो, आणि विरोध करण्याजोगं काही घडत नाही असंही नाही. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे 2017 मध्ये ठरलं, 2020 मध्ये रद्द झालं, 2022 मध्ये परत आलं. तिन्ही वेळा गावांना कुणी विचारलं नाही. 2020 च्या करोनाकाळात मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं खासगी व्यक्ती प्रशासक नेमायचं ठरत होतं, तेव्हा उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. 2021 मध्ये थकबाकीसाठी महावितरणनं पथदिव्यांची वीज तोडली, गावं अंधारात बसली आणि ते बिल वित्त आयोगाच्या पैशांतून भरायची मुभा देऊन सरकार मोकळं झालं. त्या वर्षी सरपंच ओरडले, रस्त्यावर आले. पण पथदिव्यांचं बिल कुणी भरायचं हे कायमचं ठरवा, असा ठराव करून तो आमदाराच्या हातात देणं आणि सभागृहात त्याचं काय झालं हे पुढच्या ग्रामसभेत विचारणं, ही सवय आपल्याकडे रुजली नाही.

मार्च 2022 मध्ये वर्धा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पंचायत समित्यांचंही तेच झालं. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबणीवर. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तोवर तीन वर्षं मधली पायरीच गायब होती. सर्कलचा सदस्य नाही, सभापती नाही. नाईक समितीनं केलेली विभागणी कुणी रद्द केली नाही, ती आपोआप पुसली गेली. नालीपासून नदीपर्यंत सगळं आमदाराच्या दारात.

देवळी-पुलगावकडे ही भिस्त आणखीच होती, कारण 1999 ते 2019 अशा पाच निवडणुका रणजित कांबळेच जिंकले, आधी पुलगावातून आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर देवळीतून. पंचवीस वर्षं एकच प्रतिनिधी असला की गावची यादी कागदावर कमी आणि ‘साहेबांना माहीत आहे’ या भरवशावर जास्त चालते. 2024 मध्ये राजेश बकाने निवडून आले. अशा वेळी जुन्या तोंडी आश्वासनांना वारस राहत नाही. ज्या गावाकडे पोच घेतलेली दुसरी प्रत असते, त्याचंच पुढे सरकतं.

एक साधी गोष्ट राहिली, तारखांची. ग्रामसभेचे ठरलेले दिवस 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, आणि तारांकित प्रश्न त्याच्या कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो. म्हणजे नागपुरात काही विचारलं जावं असं वाटत असेल तर 2 ऑक्टोबरचा ठराव दिवाळीच्या गडबडीत ग्रामपंचायतीच्या कपाटात राहून चालत नाही. पण या दिवसांत सोयाबीन मळणीला आलेलं असतं, कापसाच्या वेचणीची गडबड असते आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून 2 ऑक्टोबरच्या सभेलाच सर्वांत कमी माणसं येतात. भरघोस सभा होते ती झेंडावंदनानंतर 26 जानेवारीला. तोवर पुरवणी मागण्या मंजूर झालेल्या असतात आणि पुढल्या वर्षाच्या अर्थसंकल्पाची मुंबईत जुळवाजुळव चालू असते.